लहान मुलांचं भाजणं-पोळणं: आधी काय, नंतर काय

रानजाई (धागाकर्ती)

मी जळीत विभागात परिचारिका आहे, मुलांची ड्रेसिंगं करते. हा धागा काढतेय, कारण ड्रेसिंग सुरू करण्याआधी आमचा कितीतरी वेळ जखमेवर लावून आणलेली टूथपेस्ट काढण्यात जातो. सोललेल्या कातडीवर वाळून बसलेली पेस्ट पुसताना लेकरू जे रडतं, ते ज्या आईबापांनी एकदा ऐकलं त्यांनी पुन्हा पेस्टला हात लावलेला मी पाहिला नाही. ज्यांच्यावर अजून ती वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी लिहितेय.

आमच्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त मुलं एक ते तीन वर्षांची. आगीने भाजलेली त्यात कमीच. बहुतेकांच्या अंगावर काहीतरी गरम सांडलेलं असतं: चहा, कॉफी, दूध, सूप, अंघोळीचं पाणी. मूल खाली उभं राहून वर हात घालतं आणि कप ओढतं, त्यामुळे जखमाही ठरलेल्या जागी असतात. हनुवटी, गळा, छाती, एका बाजूचा खांदा आणि दंड. सगळ्यात खोल जखम कुठे सापडते? गळपट्टीखाली, काखेत आणि डायपरच्या कडेला. तिथे कापड गरम पाणी धरून ठेवतं, मानेच्या वळ्यांत ते साचतं.

म्हणून पहिलं काम कपडे काढण्याचं. डायपरसकट. हातात, पायात, गळ्यात काही घातलेलं असेल तर सूज चढायच्या आत उतरवा. कापड कातडीला चिकटलं असेल तर मात्र ओढू नका, तेवढं राहू द्या आणि भोवतीने कापा.

दुसरं काम नळाचं. भाजलेला भाग वाहत्या साध्या गार पाण्याखाली २० मिनिटं. घड्याळ बघून २० मिनिटं, कारण मूल रडत असताना दोन मिनिटंसुद्धा खूप वाटतात आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. भाजलेल्या जागेच्या मधली कातडी गेलेली असते, पण तिच्याभोवतीचा भाग जगेल की मरेल हे अजून ठरायचं असतं. डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९५३ साली ही विभागणी मांडली आणि आजही आम्ही जखमेकडे तशाच नजरेने बघतो. मधला भाग कुणाच्या हातात नाही. भोवतालचा भाग वाचवण्यासाठी घरात जे काही करता येतं, ते म्हणजे हे पाणी. लगेच जमलं नसेल तरी तीन तासांच्या आत केलं तर उपयोग होतो.

पाण्याखाली फक्त भाजलेला भाग. बाकीचं अंग कोरड्या पांघरुणात गुंडाळून ठेवा, लहान बाळं फार पटकन गार पडतात. मूल थरथरायला लागलं, मलूल झालं, ओठ निळसर दिसले तर पाणी थांबवा आणि ऊब द्या.

मग झाकणं. स्वयंपाकघरात अन्न झाकायला जी पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म वापरतात ती उत्तम. गुंडाळीचा सुरुवातीचा थोडा भाग टाकून द्या आणि पुढचे तुकडे जखमेवर नुसते ठेवा. हातापायाभोवती आवळून गुंडाळू नका, सूज आली की ती फास होते. हाताच्या पंजाला स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी चालते. चेहऱ्यावर प्लॅस्टिक अजिबात नको. फिल्म नसेल तर धुतलेलं, धागे न सुटणारं सुती कापड.

फोड फोडायचे नाहीत. बर्फ, तेल, लोणी, अंड्याचा पांढरा भाग, पीठ, शाई, टूथपेस्ट काही लावायचं नाही. घरात भाजण्यावरचं पांढरं क्रीम असेल तर तेसुद्धा डॉक्टरांनी जखम पाहिल्याशिवाय नको. क्रीमच्या थराखाली जखम किती खोल आहे ते कळत नाही.

गवतफूल

रानजाईताई, फार गरजेचा धागा. एक विचारते. आमच्या घरी चटका बसला की बर्फच लावतात आणि फोडही येत नाही. मग बर्फाला एवढा विरोध का?

रानजाई

गवतफूल, बोटाला तव्याचा ओझरता चटका बसला तर नुसत्या पाण्यानेही फोड येत नाही, तिथे बर्फाचं श्रेय थोडंच. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात. ज्या भागाला जगायला रक्त हवं आहे, त्याचंच रक्त तुटतं. शिवाय बर्फ स्वतः कातडी जाळतो. मुलाच्या छातीवर बर्फाची पिशवी धरून आणलेली असली की पोळण्याची जखम कुठे संपते आणि बर्फाची कुठे सुरू होते हे आम्हाला ओळखता येत नाही. पेस्टने गार वाटतं ते तिच्यातल्या पुदिन्यामुळे. ती उष्णता बाहेर काढत नाही, उलट आत कोंडते.

पानगळ

मी बालरोगतज्ज्ञ आहे. रानजाईंच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन. दवाखान्यात कधी न्यायचं यावर थोडं लिहितो.

मुलाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. तुमचा नव्हे, मुलाचा. या मापाने जखम मोजा. नुसती लाल झालेली कातडी धरू नका. १० टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेली तर मुलाच्या अंगातलं पाणी इतकं कमी होतं की शिरेतून द्रव द्यावा लागतो. मोठ्या माणसांसाठीचा ‘नऊचा नियम’ (अंगाचे नऊ-नऊ टक्क्यांचे भाग धरून जखम मोजायची रीत) मुलांना लावू नये. तान्ह्या बाळाचं डोकं-मान मिळून अंगाच्या पाचव्या भागाच्या जवळ जातं आणि पाय त्या मानाने लहान असतात. म्हणूनच १९४४ साली लंड आणि ब्राउडर या डॉक्टरांनी कुठला भाग अंगाच्या किती टक्के याचा वयानुसार तक्ता केला, तोच आम्ही अजून वापरतो.

टक्केवारी कितीही कमी असली तरी चेहरा, हात, पाऊल, जननेंद्रियं किंवा सांधा भाजला असेल, हातापायाभोवती कड्यासारखी गोल जखम असेल, वीज किंवा रसायन असेल, धूर छातीत गेला असेल, तर सरळ रुग्णालय गाठा. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं भाजणं घरी सांभाळायचं नाही.

आणि एक चकवा. खोल भाजलेली जागा दुखत नाही, कारण तिथल्या नसांची टोकंच जळलेली असतात. पांढरट, मेणचट किंवा चामड्यासारखी कातडी, दाबल्यावर रंग न बदलणारी, आणि मूल त्या जागेला हात लावू देतंय: हे वाईट लक्षण आहे. ‘फार रडला नाही, म्हणजे थोडक्यात निभावलं’ असं समजून दुसऱ्या दिवशी आणलेली मुलं मी बघतो.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबाने. अॅस्पिरिन मुलांना देऊ नये. धनुर्वाताची लस झाली आहे का ते तपासा.

निळाई

वाचनखूण साठवली. पानगळ, ड्रेसिंग होऊन घरी आल्यावर काय बघायचं? जखम छोटी असेल तर ताण घ्यायचा नाही ना?

पानगळ

निळाई, हे विचारलंत ते बरं झालं, कारण छोट्या जखमेतच गाफील राहिलं जातं. लहान मुलांमध्ये भाजल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, ‘टॉक्सिक शॉक’ नावाचा प्रकार होऊ शकतो. जखमेवरचे स्टॅफिलोकोकस जिवाणू विष सोडतात आणि मोठ्या माणसाच्या रक्तात त्या विषाविरुद्ध असणारी प्रतिपिंडं लहान मुलांत पुरेशी नसतात. जखम तळहाताएवढी आणि दिसायला अगदी स्वच्छ असू शकते. मुलाला एकदम जोराचा ताप, अंगावर लालसर पुरळ, उलट्या, जुलाब, आणि मूल गळून जातं, लघवी कमी होते. हा प्रकार दुर्मीळ आहे पण तासांच्या हिशेबाने बिघडतो. ‘दात येत असतील’, ‘पोट बिघडलं असेल’ असं म्हणत रात्र काढू नका. उठा आणि न्या, आणि तिथल्या डॉक्टरांना मूल भाजलं होतं हे पहिल्या वाक्यात सांगा. ड्रेसिंग कपड्याखाली झाकलेलं असतं, त्यांना दिसेलच असं नाही.

दुसरं, पोळल्याची जखम पहिल्या दिवशी जेवढी खोल दिसते तेवढीच राहते असं नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितलं असेल तर ती भेट चुकवू नका.

खटपट्या

माझा धंदा पाणी तापवण्याच्या यंत्रणांचा, म्हणून पाण्याच्या तापमानावर लिहितो.

मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ साली किती तापमानाला कातडी किती वेळात जळते हे मोजलं. मोठ्या माणसाची कातडी ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात साधारण पाच सेकंदांत खोल भाजते. ४९-५० अंशांवर त्याच जखमेला काही मिनिटं लागतात. फक्त दहा अंशांचा फरक, पण त्या वेळात मूल उचलून बाहेर काढता येतं. मुलांची कातडी पातळ, त्यामुळे त्यांच्यासाठी हा वेळ आणखी कमी धरा.

मग टाकीतलं पाणीच ५० वर ठेवावं का? साठवणीच्या मोठ्या टाकीत तसं केलं तर लिजिओनेला जातीचे, न्यूमोनिया करणारे जिवाणू वाढायची भीती असते, म्हणून टाकी ६० ला ठेवतात आणि नळाच्या आधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग झडप बसवतात. ती गरम-गार मिसळून ठरलेल्या तापमानाचंच पाणी पुढे सोडते. घरात लहान मूल असेल तर ही झडप बसवून घ्याच. जमत नसेल तर निदान गरम पाण्याचा नळ मुलाला फिरवता येणार नाही असं बघा.

आणि बादली असो की टब, आधी गार पाणी, मग गरम. गरम आधी भरून ‘आता गार सोडते’ म्हणेपर्यंत मूल आत वाकलेलं असतं. पाणी पूर्ण ढवळा, कोपर बुडवून बघा. हाताच्या तळव्याला उष्णतेची सवय असते, तो फसवतो. अंघोळीला ३७-३८ अंश पुरे.

सांजवेळ

सर्दीत मुलाला वाफ द्यावी का? आमच्या घरी भांड्यात उकळतं पाणी घेऊन डोक्यावरून टॉवेल घेतात. मला भीती वाटते, पण मोठ्या माणसांना नको कसं म्हणू?

रानजाई

सांजवेळ, तुमची भीती रास्त आहे. या टॉवेलखालून आलेली मुलं मी सांभाळली आहेत. वाफेने भाजणं त्यात थोडं. भांडं कलंडतं आणि सगळं उकळतं पाणी मांड्यांवर, पोटावर, जांघेत येतं. मूल बसलेलं असतं, त्यामुळे ते पाणी त्याच्या मांडीत साचतं आणि जखम फार अवघड जागी होते. लहान मुलांच्या सर्दीला अशा वाफेचा ठोस फायदा दिसलेला नाही. नाकात सलाइनचे थेंब टाका. घरच्यांना ‘डॉक्टरांनी नाही म्हटलंय’ असं खुशाल सांगा, पानगळ इथे साक्षीला आहेतच.

पानगळ

आहे. वाफ नको.

तिन्हीसांज

माझं मत थोडं वेगळं आहे. मुलांना सतत ‘गरम, गरम’ म्हणून लांब ठेवण्यापेक्षा एकदा कपाला हलकं बोट लावू द्यावं. एकदा कळलं की मूल पुन्हा जात नाही. आमच्या पिढीत असंच शिकलो.

रानजाई

तिन्हीसांज, तुम्ही काळजीने लिहिलंय हे दिसतंय, पण मला हे मान्य नाही. वर्षाच्या मुलाला आज कप गरम लागला, म्हणून उद्या इस्त्री किंवा ओव्हनची काच गरम असेल हे त्याला जोडता येत नाही. आणि ‘हलकं बोट’ आपल्या हातात राहत नाही. आपला हात चटका लागताच झटकन मागे येतो. चालायला शिकणारं मूल गरम वस्तूवर पूर्ण पंजा टेकवतं, तोल सावरायला तिलाच धरतं आणि घाबरून तिथेच थिजतं. तळहात आणि पाचही बोटांची आतली बाजू भाजलेली मुलं आम्ही वरचेवर बघतो. ती जखम भरताना कातडी आकसते, बोटं आत वळतात, मग रात्री कडक आधारपट्टी लावून बोटं सरळ ठेवावी लागतात. महिनोन्महिने. एवढी किंमत मोजून ते काहीही शिकत नाही.

शिकवायचं असेल तर शब्दाने आणि आपल्या वागण्याने शिकवावं. पण भरवसा शिकवण्यावर ठेवू नये, वस्तूच्या जागेवर ठेवावा.

तिन्हीसांज

पंजाचं हे मला माहीत नव्हतं. पटलं.

शेवंती

माझी मुलगी नुकतीच धरून उभी राहायला लागलीय. घरात फिरून बघायचं ठरवलं तर कुठून सुरुवात करू?

रानजाई

जमिनीवर बस आणि तिच्या उंचीवरून बघ, शेवंती. लोंबणारं काय काय दिसतं? किटलीची वायर, इस्त्रीची वायर, टेबलक्लॉथचं टोक, शेगडीबाहेर आलेला भांड्याचा दांडा. मूल यातलं जे हाताला येईल ते आधारासाठी ओढतं. टेबलक्लॉथ काढूनच टाक. दांडे आत वळव, मागच्या शेगड्या आधी वापर. मुलांचा हात दर आठवड्याला लांब होत असतो, त्यामुळे आज जिथे पोचत नाही तिथे पुढच्या महिन्यात पोचतो. पांगुळगाडा असेल तर तो बंद कर, त्यात मूल तुझ्या आधी टेबलापाशी पोचतं.

मूल मांडीवर असताना गरम पेय हातात घ्यायचं नाही, कुणीही. चहा ओतून १५ मिनिटं झाली तरी तो बाळाला भाजू शकतो. पाहुण्यांनाही सांग. आधी बाळ दुसऱ्याकडे, मग कप.

केस सरळ करायचं यंत्र बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं आणि नेमकं पलंगावर ठेवलेलं असतं. बाटलीतलं दूध मायक्रोवेव्हमध्ये तापवू नकोस. बाटली बाहेरून कोमट लागते आणि मधलं दूध कढत असतं. व्यायामाचा चालता पट्टा घरात असेल तर त्याची खोली बंद ठेव. त्या पट्ट्यात हात गेला की घासून होणारी जखम हाडापर्यंत जाऊ शकते, आणि तिला कुणी भाजणं समजत नाही म्हणून उपचारही उशिरा होतात.

खटपट्या

विजेचं राहिलं. चार्जरची दुसऱ्या टोकाला काही न जोडलेली वायर भिंतीत लावून ठेवू नका. रांगणारं मूल ती तोंडात घालतं.

पानगळ

खटपट्या, यात एक पुढची गोष्ट पालकांना माहीत हवी. जिवंत वायर चावल्याने ओठाचा कोपरा भाजला, तर वरची खपली सुटताना, साधारण एक-दोन आठवड्यांत, आतली रोहिणी (रक्तवाहिनी) फुटून अचानक जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा ओठ आतून-बाहेरून दोन बोटांत घट्ट दाबून धरायचा आणि रुग्णालयात जायचं. घरच्यांनी हे आधी शिकून घेतलेलं असेल तर घाबरगुंडी उडत नाही.

निळाई

आणि नाणेसेल? रिमोटमधले चपटे?

पानगळ

तेही भाजणंच आहे, फक्त आतलं. अन्ननलिकेत अडकलेला सेल ओल्या पेशींतून वीज सोडतो, तिथे तीव्र अल्क (कॉस्टिक सोड्यासारखा जाळणारा पदार्थ) तयार होतो आणि दोन तासांत अन्ननलिका जळू शकते. २० मिलिमीटरचे लिथियम सेल सगळ्यात धोक्याचे, रिमोट चालेनासा झालेला सेलसुद्धा. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच क्ष-किरण तपासणी. उलटी करवू नका. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळता येत असेल आणि सेल गेल्या १२ तासांत गिळला असेल तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघणं मात्र लांबवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही.

मोरी साफ करायचं रसायन अंगावर सांडलं तर कोरडी पूड आधी झटकायची, मग भरपूर पाणी, २० मिनिटांहून बरंच जास्त. प्यायलं गेलं तर उलटी नको, डबा सोबत घेऊन निघा.

ओंजळ

माझ्या मुलाची छाती आणि मान किटलीच्या पाण्याने पोळली, त्वचारोपण झालं. जखम भरली, पण आता वण जाड आणि लाल होतोय आणि रात्रभर खाज. सगळे म्हणतात मुलं वाढली की वण जातात. खरं आहे का?

सुईदोरा

ओंजळ, मी भाजलेल्या मुलांसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट. खरं सांगते. मूल वाढतं तेव्हा वणाची कातडी तेवढ्या वेगाने ताणत नाही. म्हणूनच मान, काख, कोपर, बोटं इथे व्यायाम सोडायचे नाहीत. वण पहिले काही महिने लाल आणि जाड होत जातो, मग वर्ष-दोन वर्षांत हळूहळू मऊ आणि फिका पडतो. पूर्ण जात नाही. तीन आठवड्यांहून जास्त काळ घेऊन भरलेल्या जखमा असे वण धरतात, त्यात तुमच्या काळजी घेण्यात काही कमी पडलं असं नाही.

दाबाचे कपडे (वणावर सतत दाब ठेवणारे घट्ट कपडे) सांगितले असतील तर दिवसातले साधारण २३ तास, फक्त अंघोळ आणि मालिशपुरते काढायचे. वापरून ते सैल होतात आणि मूल वाढलं की तंग, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. सिलिकॉनची पट्टी, आणि सुगंध नसलेलं मलम लावून दिवसातून काही वेळा मालिश: वणावर अंगठा टेकून वण पांढरा होईल इतका दाब द्यायचा आणि अंगठा गोल फिरवायचा. नुसतं वरून चोळून उपयोग नाही. खाज त्यानेच बरीच उतरते. झोप उडत असेल तर डॉक्टरांकडून खाजेचं औषध मागून घ्या, सहन करत बसू नका. मान वर करून छताकडे बघायचे खेळ खेळवा, फुगे, साबणाचे बुडबुडे. हनुवटी छातीकडे ओढली जातेय असं वाटलं तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. वण मोकळा करायची शस्त्रक्रिया असते आणि वाढत्या मुलांना ती कधी कधी लागते.

नव्या कातडीला उन्हात नेऊ नका. न्यावंच लागलं तर झाकून.

ओंजळ

धन्यवाद सुईदोरा. आम्ही नुसतं वरून चोळत होतो, कुणी दाखवलंच नव्हतं. आजपासून तसं करते.

शेवंती

रानजाईताई, शेवटचं एक. रडणारं, हातपाय झाडणारं मूल २० मिनिटं नळाखाली धरायचं कसं? छातीवर सांडलं तर नळ पोचणार कसा?

रानजाई

एकटीने उभं राहून नाही जमत. न्हाणीघरात खाली बस, मूल मांडीवर तुझ्याकडे पाठ करून, आणि हाताचा शॉवर किंवा तांब्या खांद्यापासून खाली. पाण्याचा जोर कमी, धार जखमेच्या जरा वर पडून वाहत खाली येऊ दे. डोकं आणि पाय टॉवेलात. कुणी घरात असेल तर त्याला घड्याळ आणि फोन दे, तोच रुग्णालयाला कळवेल. सलग नाही जमलं तर मध्ये थांबून पुन्हा सुरू कर, एकूण २० मिनिटं भरू देत.

वाहतं पाणी नसेलच तर ओला गार कपडा ठेव आणि दर दोन-तीन मिनिटांनी बदल, कारण तो कातडीच्या उष्णतेने लगेच कोमट होतो. गाडीत नेताना मात्र ओलं कापड अंगावर ठेवून नेऊ नकोस. फिल्म, वरून कोरडं पांघरूण, आणि निघ.